खाडा : नऊ गाणी

चेंबूर कॅम्पात पिठाच्या गिरणीवरचा माळा, तिथे माझा स्टुडिओ.
दिवसा प्रचाराच्या रिक्षांसाठी आवाज भरायचो,
नाहीतर कुणाचा वाढदिवस, कुणाचा साबण.
रात्री नऊला पट्टा थांबला
की भिंती कापायच्या थांबत
आणि माईक उघडता येई.

त्या वेळेला यायची विमल धिवार,
गोवंडीच्या चौकीवरची कंत्राटी झाडूवाली.
सकाळी सहाला तिची हजेरी असायची,
म्हणून आम्ही बाराच्या आत आटपायचो.
गिटार कुठल्याशा सोसायटीनं फेकलेली,
पोटाला तडा, तड्यावर चिकटपट्टी,
सगळ्यात जाड तार सायकलच्या ब्रेकची.
बाप जलशात तुणतुणं धरायचा, ती सांगे,
एका तारेवर त्यानं आयुष्य काढलं,
मला सहा मिळाल्यात, मग कशाला रडू?

तिचा गंधार
ना कोमल ना शुद्ध.
मधल्या फटीत, दाराला पाय लावून उभा.
माझ्या यंत्राचा काटा लाल व्हायचा.
म्हणालो, ताई, सूर खाली पडतोय.
म्हणाली, पडला नाही, बसलाय.
सकाळपासनं उभा होता.

पहिलं गाणं बोट ठेवायच्या मशीनचं.
*बोट उमटलं नाही साहेब, बोट उमटलं नाही,*
*बोट उमटलं नाही साहेब, बोट उमटलं नाही,*
*झाडून झाडून झिजलं, आता मी आलेच नाही.*
तीच ओळ दोनदा का, मी विचारलं.
पहिल्यांदा कुणी ऐकतं का, तिनं विचारलं.

चौथ्या गाण्यात डोंगर पेटल्याची रात्र आहे,
देवनारचा धूर आणि बंद खिडकीला लावलेला ओला टॉवेल.
तिथे मधेच तिला खोकला आला.
मी तो काढून टाकला,
इतका सफाईनं की मलाच कौतुक वाटलं.
दुसऱ्या रात्री हेडफोन लावून ती ऐकत बसली,
मग एक कान मोकळा करून म्हणाली,
ठेकेदार दिवस कापतो,
तू खोकला कापलास?

मूळ फाइल मी पुसली होती.
मग पुन्हा घेऊ म्हटलं.
ती माईकसमोर उभी राहिली, गायली,
त्या जागेवर आली, आणि खोकला येईना.
एरवी रात्रभर झोपू न देणारा
सांगून येईना.
तिला हसू फुटलं. मला हात वर करून थांबवायचं सुचलं नाही.
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
धुराच्या गाण्यात ते हसू आहे अजून.
ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांना वाटतं,
मुद्दाम ठेवलंय.

नऊ गाणी झाली. पैसे चौकीनं काढले, भिशीसारखे.
आतल्या पानावर तिला सगळ्या चौकीची नावं हवी होती,
सदतीस.
प्रेसवाल्यानं चौतीस बसवली,
उरलेल्या जागेत स्वतःचा फोन नंबर घातला.
दोनशे कव्हरं छापून आली
आणि ती पायरीवर बसली, खाली गिरणी चालू,
केसांवर पीठ उडतंय.
सुलभा, मेहरुन्निसा, नामदेव काका,
बोट ठेवून म्हणाली,
ह्यांचा खाडा लागला बघ.

मग बॉलपेन मागितलं.
दोनशे गुणिले तीन,
माझ्याकडे जाहिरातवाला बसलेला, त्याला मी थांबवलं.
ती लिहीत होती. अक्षर मोठं, शाळेत असतं तसं,
ओळीबाहेर जाणारं.

माझी प्रत बहुधा शेवटची.
दोन नावं निळी आहेत.
तिसऱ्यात नामपर्यंत शाई,
पुढे पेन कोरडं गेलंय,
पण तिनं दाबून लिहिलंय.
दिव्याखाली तिरकं धरलं
की दिसतं.